लाटणे आणि निर्देशांक

महागाईचा दर वाढला, कमी झाला हे आपण रोज ऐकतो. पण तो दर मोजतात कसा, हे फारसे कुणी विचारत नाही. मी काही अर्थशास्त्राचा माणूस नव्हे, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. पण महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला, त्यामुळे ही आकडेमोड शिकावीच लागली.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि त्यांच्यामागे गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर उतरल्या. त्यांना निर्देशांक कुणी समजावून सांगितला नव्हता. तेलाचा डबा रिकामा होता, एवढे पुरेसे होते!

पुढे ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेल काही महिन्यांत जवळजवळ चौपट महागले. १९७४ साली आपल्याकडचा ग्राहक किंमत निर्देशांक आदल्या वर्षापेक्षा २८ टक्क्यांहून अधिक चढला. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. जुलै १९७४मध्ये सरकारने वटहुकूम काढून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत टाकली. लोकांच्या हाती पैसा कमी तर मागणी कमी, मागणी कमी तर भाव कमी, असा हिशेब. हिशेब कळतो, पण भाव चढले होते मुख्यतः दुष्काळाने आणि तेलाने, मास्तर-कारकुनांच्या चैनीने नव्हे.

१९७६ साली हाच निर्देशांक साडेसात टक्क्यांनी उतरला. आणीबाणीत स्वस्ताई होती असे सांगणारे अजून भेटतात. आदल्या वर्षीच्या चांगल्या पावसाचे श्रेय मात्र कुणी देत नाही. असो. आता गणित करून बघा. १९७३ साली १०० रुपयांना मिळणाऱ्या वस्तू १९७५ साली सुमारे १३६ला गेल्या आणि १९७६ साली १२५च्या आसपास आल्या. दर शून्याखाली, पण माल १९७३पेक्षा चौथाईने महागच.

दुसरा घोळ निर्देशांक कोणता घ्यायचा याचा. जून २००९मध्ये घाऊक किमतींचा निर्देशांक वर्षापूर्वीपेक्षा खाली गेला. पेपरांत बातमी आली, महागाई उणे! त्याच महिन्यात औद्योगिक कामगारांचा ग्राहक निर्देशांक नऊ टक्क्यांहून जास्त वाढलेला होता. दोन्ही आकडे खरेच. घाऊकमध्ये तेल आणि धातूंचे वजन मोठे, आणि तेल २००८च्या उच्चांकावरून कोसळलेले. शिवाय डॉक्टरची फी, शाळेची फी, घरभाडे त्यात धरतच नाहीत. ही सगळी ग्राहक निर्देशांकात येतात, आणि खाण्यापिण्याचे वजनही तिथे कितीतरी जास्त. म्हणून २०१४ साली ऊर्जित पटेल समितीने ग्राहक निर्देशांकच प्रमाण मानावा असे सुचवले आणि २०१६ साली कायद्यात बदल होऊन चार टक्क्यांचे लक्ष्य ठरले, दोन इकडे-तिकडे चालतील या बोलीवर.

पण ग्राहक निर्देशांकाची टोपली तरी कुणाची? २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत आरोग्याला शंभरात जेमतेम सहा गुण होते. आमच्या दोघांच्या पेन्शनीतून औषधांच्या दुकानात किती जातात, ते घरची वही सांगते. सहाच्या चौपट तरी नक्की.