सॅन फ्रान्सिस्को डॉन्स : १९५१ चा हंगाम

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा अपराजित हंगाम. प्रशिक्षक जो कुहारिक यांच्या या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. जिनो मार्चेटी, ऑली मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे त्यातील तिघे पुढे ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावणारा मॅटसन त्या वर्षी देशात पहिला होता. तरीही नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या प्रतिष्ठेच्या ‘बोल’ सामन्यांना संघ गेला नाही. मॅटसन व बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळले तर निमंत्रण मिळेल असे सुचवले गेले आणि संघाने ते धुडकावले, असे सहखेळाडू पुढे सांगत राहिले.

प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून निमंत्रण हुकले, असा आक्षेप घेतला जातो. त्यांत लष्करी तळांचे संघही होते, त्यामुळे तो अगदीच पोकळ नाही. पण पॅसिफिक महाविद्यालयाच्या संघाने त्याच हंगामात क्लेमसनच्या संघाला २१-७ असे हरवले होते आणि त्या पॅसिफिकला डॉन्सनी ४७-१४ असे लोळवले. गेटर बोलचे निमंत्रण मात्र क्लेमसनला गेले. असे गणित खेळात तंतोतंत लागू पडत नाही; तरी निव्वळ गुणवत्ता पाहिली असती, तर डॉन्सचा किमान विचार व्हायला हवा होता. दुसरा आक्षेप असा, की वर्णभेद हे कारण असू शकत नाही, कारण १९४८ मध्ये डॅलसच्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेटचे कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस एका कृष्णवर्णीय खेळाडूला मज्जाव असल्याने लाफायेत महाविद्यालयाने सन बोलचे निमंत्रण नाकारले. शुगर बोलमध्ये कृष्णवर्णीय बॉबी ग्रिअर खेळणार म्हणून १९५५ च्या अखेरीस जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी विरोध केला. म्हणजे दार कुठे कुठे किलकिले झाले असले, तरी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाचा दंडक कायम होता.

हंगामानंतर विद्यापीठाने तोट्यामुळे हा संघ बंद केला. त्याचे खापर केवळ हुकलेल्या निमंत्रणावर फोडता येत नाही. सेंट मेरीज, लोयोला, सांता क्लारा या कॅलिफोर्नियातील कॅथलिक महाविद्यालयांनीही त्याच सुमारास खर्चापायी फुटबॉल सोडला. बोलची कमाई मिळती तरी ती एका वर्षापुरतीच असती. म्हणून या हंगामाचे दोन निष्कर्ष वेगळे ठेवावे लागतात : संघ पैशाअभावी संपला, आणि त्याला डावलण्यामागे मुख्य कारण वर्णभेद होते. याच संघातला टोलर पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाला.