रासबेरीची परसबाग आणि बटाट्याचा धडा

घोड्यांच्या प्रदर्शनामुळे बॉल्सब्रिजचे आरडीएस आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पण 1731 साली डब्लिनमध्ये ही संस्था स्थापन झाली ती शेती आणि उद्योगांच्या सुधारणेसाठी. बॉल्सब्रिजच्या मैदानावर तिची प्रदर्शने 1881 पासून भरू लागली. त्याआधी 1795 मध्ये तिने ग्लासनेव्हिनला वनस्पती उद्यान उभारले होते. ऑगस्ट 1845 मध्ये त्या बागेचे प्रमुख डेव्हिड मूर यांना बटाट्याच्या पानांवर करप्याचे डाग दिसले. पुढे जे घडले, तो या देशाच्या काळजावरचा घाव आहे.

तेव्हा सुमारे 30 लाख गरीब माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. थोड्या, निकस जमिनीत भरघोस येणारी 'लंपर' ही जात घरोघरी होती. कंदापासून कंद, म्हणजे सगळी झाडे एकाच मुशीतली! रोगाने एक गाठले, तशी सगळीच गाठली. घरात दुसरे काही नव्हते आणि देशातून धान्याची निर्यात मात्र चालूच राहिली. सुमारे 10 लाख माणसे मेली, तर त्याहून अधिक लोकांनी देश सोडला.

2020 च्या टाळेबंदीत अनेकांप्रमाणे मीही अडीअडचणीला उपयोगी पडेल अशी परसबाग करायला घेतली. त्या वेळी हाच इतिहास डोळ्यांसमोर होता. रासबेरी इथली रानातलीच. इथली थंड, ओलसर हवा आणि किंचित आम्ल माती तिला मानवते. नोव्हेंबर ते मार्च या काळात रोपे लावायची, पाणी मात्र मुळाशी साचू द्यायचे नाही. उन्हाळी जातीच्या काठीला दुसऱ्या वर्षी फळ येते. फळ संपले की ती काठी बुंध्यापासून छाटायची. शरद ऋतूत फळणाऱ्या जातीच्या साऱ्या काठ्या फेब्रुवारीत कापायच्या. दोन्ही जाती असल्या तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फळे मिळतात.

पण एक लक्षात ठेवावे. रासबेरीही मुळाच्या फुटव्यांपासूनच वाढते, म्हणजे तीही एकाच मुशीतली. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या फुटव्यांबरोबर विषाणूही येऊ शकतो, म्हणून निरोगी रोपे रोपवाटिकेतून घ्यावीत. बटाटे काढलेल्या वाफ्यात ती लावू नयेत. व्हर्टिसिलियम नावाची बुरशी मातीत टिकून राहते आणि दोन्ही पिकांना लागते.

रासबेरीने पोट भरत नाही, हेही खरे. पोटाला बटाटे, वाल, कोबी हवेतच. आपल्या आज्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर दुधी असे. एक गेले तर दुसरे हाताशी असे. आयर्लंडच्या गरिबांना तेवढी जमीन आणि तेवढी मुभा मिळालीच नाही. आपल्याला ती आहे. तेव्हा यंदा रासबेरी जरूर लावा, पण तिला सोबत द्या!