इंजिनियरांच्या परवान्याची फी : टेक्सासमधील एक प्रकरण

कर राज्याच्या सर्वसाधारण खर्चासाठीं आणि फी विवक्षित कामाच्या मोबदल्यादाखल, हा भेद पुस्तकांत एका ओळींत सांगतां येतो. प्रत्यक्ष जमाखर्चांत तो केव्हां पुसला जातो, हें फी भरणारालाहि पुष्कळदां कळत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत इंजिनियरांच्या परवान्याचा जो इतिहास घडला, त्यांत हें स्पष्ट दिसून येतें.

त्या राज्याच्या पूर्व भागांत न्यू लंडन नांवाचें गांव आहे. भोंवतालीं खनिज तेलाच्या विहिरी, त्यामुळें तेथील शाळा मोठी संपन्न. तरीहि १९३७ सालच्या आरंभीं, इमारत गरम ठेवण्याच्या खर्चांत महिन्याकांठीं दोन-तीनशें डॉलर वांचावे म्हणून, विकत घेतलेला वायु बंद करून तेलाच्या धंद्यांत वायां जाणारा वायु नळानें जोडून घेण्यांत आला. या वायूला वास नव्हता. तो गळून इमारतीखालच्या पोकळींत सांचत गेला, आणि १८ मार्च १९३७ रोजीं, शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असतां, भयंकर स्फोट झाला. तीनशेंच्या सुमारास माणसें प्राणांस मुकलीं; त्यांत बहुतेक मुलेंच होतीं. वायूंत उग्र वासाचें द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली ती या अनर्थानंतर. आणि इंजिनियरांनीं परवाना काढावा, असा टेक्सासचा कायदाहि त्याच वर्षीं झाला.

परवाना म्हटला कीं मंडळ आलें. मंडळ म्हटलें कीं परीक्षा, नोंदवह्या, तक्रारींची चौकशी आली. हा खर्च इंजिनियरांच्या फींतून भागावा, हें रास्तच होतें. पुढें १९९१ सालीं मात्र निराळा प्रकार घडला. टेक्सासांत व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाहीं. पैशाची ओढ लागली कीं कायदेमंडळाची दृष्टि साहजिकच दुसरीकडे वळते. त्या वर्षीं ती वकील, इंजिनियर इत्यादि धंदेवाल्यांकडे वळली. इंजिनियराच्या वार्षिक फींत एकदम २०० डॉलरांची वाढ झाली. या वाढीच्या मानानें मंडळाची स्वतःची नूतनीकरणाची फी अगदींच लहान होती. वाढीपैकीं १५० डॉलर राज्याच्या सर्वसाधारण तिजोरींत आणि ५० डॉलर शाळांच्या निधींत जावयाचे. मंडळाच्या वाट्याला एक छदामहि नव्हता. शाळेंतील अनर्थामुळें जन्मलेल्या परवान्याच्या पैशांतला चौथा हिस्सा शाळांकडे जावा, ही जुळणी कोणी मुद्दाम केली असें नव्हे. पण ती मनाला चटका लावते खरी.

हिशेब सोपा होता. दर हजार इंजिनियरांमागें दोन लक्ष डॉलर. परंतु फी वाढविली कीं वसूल त्याच प्रमाणांत वाढतो, हा हिशेबनिसाचा भ्रम असतो. कारखान्यांत स्वतःच्या मालकापुरतेंच काम करणाऱ्या पुष्कळ इंजिनियरांना तेथील कायद्यानें परवान्याची गरजच नाहीं. त्यांच्यावर ही वाढ बसविली असती, तर परवाना सोडून देणें त्यांना सहज शक्य होतें. मग वाढीव २०० डॉलर तर नाहींतच, मंडळाची मूळ फीहि बुडाली असती, आणि तो मनुष्य देखरेखीबाहेर गेला असता तें वेगळेंच. कायद्यांत ही गोष्ट ओळखली गेली होती. गरज नसतांहि परवाना बाळगणाऱ्यांस या वाढींतून सूट देण्यांत आली. म्हणजे ज्याला परवान्याविना पोट भरतां येत नाहीं, त्याच्याचकडून ती वसूल झाली. याला फी म्हणावें कीं कर?

शिवाय रक्कम डॉलरांत बांधलेली. १९९१ पासून २०१५ पर्यंत त्या देशांतील किंमती जवळजवळ पावणेदोनपट झाल्या. २०० चा आंकडा तसाच राहिला, आणि त्याचें खरें मोल आपोआप घटत गेलें.

मध्यंतरीं २००१ सालीं मंडळाला जमाखर्चाची बरीच स्वायत्तता मिळाली. आपला खर्च आपल्या फींतून भागवावा आणि राज्याला सालिना ठराविक रक्कम द्यावी, अशी ती व्यवस्था. तेव्हांपासून एकाच पावतीवर दोन पैसे दिसूं लागले : एक मंडळाचा, दुसरा राज्याचा.

अखेर, तिजोरींत शिल्लक असतां, २०१५ सालच्या कायद्यानें ही २०० डॉलरांची वाढ रद्द झाली. १ सप्टेंबरपासून ती आकारणें बंद झालें. राज्याच्या तिजोरीचा व शाळांच्या निधीचा तेवढा वसूल गेला. मंडळाच्या परीक्षा, नोंदवह्या आणि चौकश्या मात्र पूर्वींसारख्याच चालू राहिल्या; त्यांच्यासाठीं त्या पैशांतून कधींच कांहीं आलें नव्हतें.