बटाट्याचा श्वास

कमला भागवत हे नाव मराठी वाचकाला एका प्रसंगापुरते ठाऊक असते. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९३३ साली ती बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेली, सर सी. व्ही. रमण यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, ती अडून बसली आणि अखेर वर्षभराच्या अटीवर तिला घेतले गेले. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. पुढे केंब्रिजची पीएच.डी. आणि लग्नानंतर कमला सोहोनी, की कथा संपते. गव्हाणच्या शाळेत मी हीच कथा वर्गात सांगत असे. एका वर्षी नववीतल्या मुलीने विचारले, "सर, पण त्यांनी शोधलं काय?" प्रश्न रास्त होता. रमण यांच्या दारातला झगडा आपण जपला आणि ज्यासाठी तो केला ते काम मात्र तळटीपेत ढकलले, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

काम बटाट्यावरचे होते. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. त्यातले पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे तांबेयुक्त विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतला ऑक्सिजन फिनॉलांना जोडते, त्यामुळे तो रंग येतो. हे विकर वनस्पतीत इतके ठसठशीत दिसे, की वनस्पतीचा श्वास त्याच्याच मार्गे चालतो असे मानणारे शास्त्रज्ञ १९३०च्या दशकात होते. प्राण्यांची गोष्ट वेगळी होती. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम ही लोहयुक्त रंगद्रव्ये पुन्हा उजेडात आणली होती. पेशीतले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात आणि शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ते ऑक्सिजनच्या हवाली करते, हे चित्र स्नायू आणि यीस्ट यांच्या बाबतीत रुळले होते. बटाट्याचे काय? त्याचा श्वास प्राण्यांसारखा, की निराळा?

कमलाबाई हॉपकिन्स यांच्या विभागात आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे काम करत होत्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, असे त्यांना आढळले. हिल आणि भागवत यांचे फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचे टिपण १९३९ साली 'नेचर'मध्ये आले. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा. (आजच्या प्रबंधांची जाडी पाहिलेल्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.) बटाटा आणि बैल एकाच पद्धतीने श्वास घेतात, हा त्यातला मोठा अर्थ.

आता त्या विकराच्या पोटात शिरू. ऑक्सिजनच्या रेणूचे पाणी करायला चार इलेक्ट्रॉन लागतात. ते तुटक तुटक दिले तर अर्धवट अवस्थेत सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड अशी जाळणारी द्रव्ये सुटतात. म्हणून चारही जवळपास एका दमात द्यायला हवेत. विकराच्या क्रियास्थानी हीममधले लोखंड आणि तांब्याचा अणू समोरासमोर बसलेले असतात. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देते, तांबे एक. चौथा कुठून?

उत्तराची दिशा मिळायला साठ वर्षे लागली. १९९७ मध्ये फ्रँकफुर्टच्या हार्टमुट मिशेल यांच्या गटाला जीवाणूच्या विकरात आणि १९९८ मध्ये जपानच्या शिन्या योशिकावा यांच्या गटाला बैलाच्या हृदयातल्या विकरात एक विलक्षण बंध दिसला. तांब्याला धरून ठेवणारे हिस्टिडिन शेजारच्या टायरोसिनला थेट जोडलेले होते, एकाच्या कड्यातला नायट्रोजन दुसऱ्याच्या कड्यातल्या कार्बनला. बैलात ही जोडी २४० आणि २४४ या क्रमांकांवर आहे. असा सांधा जनुकात लिहिलेला नसतो, प्रथिन तयार झाल्यावर तो पडतो. चौथा इलेक्ट्रॉन आणि सोबत एक हायड्रोजन हे टायरोसिन देते, असे आता मानले जाते. जोडणीमुळे त्याचा प्रोटॉन सहज सुटतो आणि ते नेमक्या जागी खिळून राहते.

पुरावा म्हणून जीवाणूतले टायरोसिन काढून फेनिलअॅलॅनिन घातल्याचे प्रयोग सांगतात. विकर निकामी होते. मला हा पुरावा एकटा पुरेसा वाटत नाही, कारण त्यात बंधाबरोबर टायरोसिनचा हायड्रॉक्सिल गटही जातो, मग दोष कुणाला द्यायचा? त्याहून मोलाचा प्रयोग २०१२ मधला. यी लू आणि जियांगयुन वांग यांच्या गटांनी मायोग्लोबिन या साध्या प्रथिनात, आधीच जोडलेल्या टायरोसिन-हिस्टिडिनची नक्कल असलेले कृत्रिम अमिनो आम्ल बसवले. सुट्या टायरोसिनपेक्षा ते ऑक्सिजनचे पाणी अधिक सफाईने करू लागले. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. काही जीवाणूंच्या ऑक्सिडेजमध्ये हे टायरोसिन साखळीच्या अगदी दुसऱ्याच भागातून येते, तरीही हिस्टिडिनशी सांधा होतोच.

गंमत अशी, की वादातला दुसरा पक्ष, काळा पाडणारे विकर, त्यालाही असाच अनपेक्षित बंध आहे. रताळ्यातल्या त्याच्या भावंडाची रचना उकलली तीही १९९८ मध्येच. तिथे तांब्याला धरणारे हिस्टिडिन सिस्टीनच्या गंधकाला जोडलेले आहे. त्याने हिस्टिडिनची हालचाल आवळली जाते, असा अंदाज आहे.

कमलाबाईंचे निधन झाले तेही १९९८ साली. १९३९ मध्ये त्या परतल्या तेव्हा महायुद्ध तोंडावर होते. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांचे लक्ष अन्नाकडे वळले, नीरेकडे आणि कडधान्यांकडे. १९५५ साली त्यांचे आणि अंबे यांचे टिपण पुन्हा 'नेचर'मध्ये आले. त्यात वालाच्या दाण्यांतून स्फटिकरूपात मिळवलेले, ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारे द्रव्य होते. पनवेल भागात हिवाळ्यात पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली जातात, ते हेच वाल.