हाली सिक्का : चलन संपले, चांदी उरली

नृसिंह मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या पोखर्णीसह संपूर्ण परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील चलन होते 'हाली सिक्का'. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातील चारमिनार छापाचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा असे. त्यात ८१.८ टक्के, म्हणजे ९.१ ग्रॅम चांदी होती. ब्रिटिश रुपयात ती १०.७ ग्रॅम असे. संस्थानाने १९१८ पासून नोटाही काढल्या.

विलीनीकरणानंतर सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा दर होता. जुन्या रुपयांतील चांदीचे प्रमाणही जवळपास तेवढेच भरते. १९५९ मध्ये हाली चलन रद्द झाले. न बदललेली नोट कागद ठरली. चांदीचा रुपया मात्र सराफाकडे धातूच्या भावाने मोडता येत होता. चलन बुडाले तरी चांदी तारते, ही समजूत अशा अनुभवांवर उभी आहे.

तथापि, नाणे घेताना सावधगिरी हवी. ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. त्यामुळे नाण्यावरील साल पाहणे आवश्यक ठरते. भावही स्थिर नसतो. जानेवारी १९८० मध्ये औंसाला सुमारे ५० डॉलर असलेली चांदी मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास कोसळली होती. नवीन नाण्यावरील ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ मोडताना परत मिळत नाही. त्यामुळे चांदी हा बचतीचा एक भाग असावा, सारी बचत नव्हे.