बाराचा आवाज

आमच्या कर्जत तालुक्यात ज्वारी हुरड्यात आली की हरणांचे कळप उतरायचे, अन् रात्री-बेरात्री आबांचा बार व्हायचा. बंदूक ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .315 ची बोल्ट रायफल. थ्री-नॉट-थ्री फौजेची, म्हणून ती रयतेला मिळत नसे. हे .315 तिचंच सावत्र भावंड. परवाना पिकाच्या राखणीचा. दुर्बीण नाही, मागच्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी धरायची आणि चाप ओढायचा. बहुतेक बार आभाळातच जायचे.

1972 साली वन्यजीव कायदा आला. काळविटावर गोळी म्हणजे तुरुंग. दुष्काळही त्याच साली, त्यामुळे गावाला दुष्काळ लक्षात राहिला, कायदा नाही. पुढं कधीतरी पुण्याच्या कारखान्यात टर्नर असलेले आत्याचे थोरले चिरंजीव सुट्टीला आले. म्हणाले, "मामा, सायलेन्सर बसवून देतो. कळप पळणार नाही, कुणाला कळणारही नाही."

आबा म्हणाले, "आरं, नळीपरीस जाड नळकांडं म्होरं लावल्यावर माशी दिसायची कशी?"

आम्ही हसलो. पण प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. 1909 साली अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिमनं सायलेन्सरचं पेटंट घेतलं, त्याच्यापुढंही हीच अडचण होती. त्यानं नळकांड्यातलं भोक मधोमध न ठेवता वरच्या अंगाला घेतलं. जाडी नळीखाली लोंबली, माशी मोकळी राहिली. भोक अन् नळी केसभरही वाकडी चालत नाही, नाहीतर गोळी आतच घासते. एवढं करूनही धडाका तेवढा दबतो; आवाजापेक्षा वेगानं जाणारी गोळी हवेत कडाडतेच. या मॅक्सिमचा बाप मशीनगनचा जनक, आणि तोफाबंदुकांच्या धडाक्यानं तो ठार बहिरा झाला होता. आबांचाही डावा कान गेलेलाच होता. नॉर्वे-फिनलंडकडं शिकारी कान वाचवायला सायलेन्सर राजरोस लावतात, हेही खरं. आपल्याकडं मात्र शस्त्र नियमांनी त्याला बंदी असलेल्या हत्यारांच्या पंक्तीत बसवलंय. राखणीच्या परवान्यावर तो मिळायचा नाही.

आबांना नियम ठाऊक नव्हते. त्यांचं दुसरं उत्तर निराळंच होतं. "माझा बार झाला की चार वस्त्यांना कळतं, आबानं गोळी झाडली. कुठं झाडली, कशावर झाडली, सकाळी समदे इचारत्यात. आवाज न्हाई म्हंजी इचारणारं कुणी न्हाई. चोराची बंदूक ती."

दोनच वर्षांत ते पटलं. एका रात्री माळावर अनोळखी बार वाजला. आबांनी अंथरुणातनंच सांगितलं, "ही आपल्याकडली न्हाई." (ऐकू मात्र एकाच कानानं आलं असणार!) माणसं कंदील घेऊन धावली. शहरातली एक जीप दिवे विझवून उभी होती, मागं काळवीट. गरम होतं अजून.

1980 मध्ये शेजारी रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं. हरणं वाढली, ज्वारीचं नुकसानही वाढलं. त्यावर आबा शेवटपर्यंत कुरकुरत. ते गेल्यावर बंदूक आम्ही ठाण्यात जमा केली. जमादारानं नळीवरून बोट फिरवलं आणि वहीत लिहिलं : माशी झिजलेली.