हँडीचं कूळ आणि डोंगरावरची पेटी

कमरेला हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ संच, अडकवून गावभर हिंडणाऱ्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, या यंत्राचं कूळ विचारा, तो हमखास दुसऱ्या महायुद्धाकडे बोट दाखवील. त्यात चूक नाही, पण उत्तर अर्धंच आहे.

शिकागोच्या गॅल्विन कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने, १९४१ च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी एससीआर-५३६ हा संच काढला. नाव ‘हँडी-टॉकी’, हॅम मंडळी आजही हातातल्या संचाला ‘एचटी’ म्हणतात ते त्यावरूनच. वजन सव्वादोन किलोंच्या आसपास, आत व्हॉल्व्ह. चालू-बंद करायला बटणच नाही: एरियल बाहेर ओढली की संच सुरू, आत ढकलली की बंद. एवढं करून जमिनीवरचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. (पाठीवर वागवायचा ‘वॉकी-टॉकी’ तो वेगळा, एससीआर-३००. दोघांची गल्लत सर्रास होते.)

पण एससीआर-५३६ लघुलहरींवर चालायचा, आणि आजची हँडी त्याहून बऱ्याच आखूड लहरींवर चालते. आजच्या हँडीचा थेट पूर्वज म्हणून मी अल ग्रोसचं नाव घेईन. जन्म कॅनडातला, वाढला अमेरिकेत क्लीव्हलंडला, आणि सोळाव्या वर्षी हॅमचा परवाना हातात. तेव्हा फारसं कुणी फिरकत नसे अशा १०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर तो खटपट करत होता. लहर आखूड तर एरियलही आखूड, हे त्यातलं इंगित. १९३८ मध्ये त्याने हातात मावेल असा संच बनवला. मात्र या लहरी सरळ रेषेत धावतात. मध्ये टेकडी आली की संवाद खुंटला.

युद्धात अमेरिकी हेरखात्याने त्याला गाठलं, आणि त्यातून ‘जोन-एलिनॉर’ ही यंत्रणा उभी राहिली. जर्मन मुलखातला हेर छोट्या संचात बोलायचा, आणि ते ऐकायला सुमारे नऊ हजार मीटर उंचीवरून मॉस्किटो विमान घिरट्या घालायचं. लहरी २६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, त्यामुळे जमिनीवरच्या शत्रूला सुगावा लागणं महाकठीण. हेराचा संच दुबळा असूनही चालला, कारण ऐकणारा उंचावर होता. हँडीची सगळी पुढची कथा या एका वाक्यात आहे.

शांततेच्या काळात विमानाची जागा डोंगराने घेतली. उंचावर एक पेटी ठेवायची. तिने एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच जोरात बोलायचं. हा रिपीटर. लॉस एंजेलिसच्या आर्ट जेन्ट्री या हॅमने १९५० च्या दशकात चालवलेला रिपीटर आद्य मानल्या जाणाऱ्यांपैकी एक. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत व्यावसायिक रेडिओचे नियम बदलले, टॅक्सी आणि पोलिसगाड्यांमधले जुने संच मोडीत निघाले. हॅमनी ते पडत्या भावात उचलले, फ्रिक्वेन्सी ठरवणारं क्रिस्टल बदलून दोन मीटर लांबीच्या लहरींच्या बँडवर आणले आणि कित्येकांचे रिपीटर केले. दोन मीटरवर ऐकण्या-बोलण्यात ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचा रिवाज तेव्हापासून रुळला. काही रिपीटर टेलिफोनला जोडलेले असत. खिशातल्या फोनचा जमाना यायच्या कितीतरी आधी अमेरिकेतला हॅम रस्त्यातून घरी फोन लावून ‘येताना काय आणू?’ विचारू शकत होता.

क्रिस्टलची कटकट मात्र होतीच. प्रत्येक चॅनेलला वेगळं क्रिस्टल हवं. ही कटकट मिटवणाऱ्या संचांमध्ये जपानी आयकॉमचा आयसी-२ए सर्वांत गाजला. साल १९८० च्या आगेमागे. डोक्यावर बोटाने फिरवायची तीन आकडेचक्रं, शेजारी ५ किलोहर्ट्झ वाढवायची कळ, आणि शक्ती दीड वॅट. दीड वॅटवर अख्खं शहर पालथं घालता येई, ते डोंगरावरच्या पेटीच्या जिवावर. २०१२ मध्ये चीनचा बाओफेंग यूव्ही-५आर आला आणि संच कवडीमोल झाला. पेटीचं महत्त्व तसूभरही कमी झालं नाही.

हँडीची एवढीशी शक्ती किती सहज वाया जाते, याचा पडताळा रस्त्यात बोलताना येतो. हँडी कमरेलाच ठेवून माइकवर बोललं तर अंगच बरीचशी शक्ती खाऊन टाकतं. तोंडाशी धरून एरियल उभी ठेवली तर फरक लगेच कळतो. इमारतींवरून उलटलेल्या लहरी एकमेकींना मारतात, आणि आवाज फडफडू लागतो. अशा वेळी शक्ती वाढवू नका, पाऊलभर बाजूला सरका. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

आपल्याकडे दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो; वयाची अट फक्त बारा वर्षं पूर्ण असण्याची. तेव्हा बाजारातली स्वस्त हँडी पाहून हात शिवशिवले, तरी आधी परवाना काढा, आणि मग कुठला संच घ्यावा हे विचारण्यापूर्वी आपल्या गावाजवळच्या डोंगरावर रिपीटर आहे का, ते विचारा.